सायटिकाच्या उपचारांचा मागोवा

सायटिकाचे वर्णन आयुर्वेदात गृध्रसी या नावाने येते. कंबरेखालून मांडी, गुडघा, पोटरी करत पावलापर्यंत उतरणारी कळ चरकसंहितेत नोंदलेली आहे. उपाय म्हणून बस्ती (औषधी एनिमा), शिरावेध (शीर टोचून रक्त काढणे) आणि अग्निकर्म (डाग देणे) सांगितले आहे. युरोपात हे दुखणे दीर्घकाळ खुब्याच्या सांध्याच्या खात्यावर मांडले जाई. ते नसेचेही असू शकते, हे नेपल्सचे वैद्य दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ साली वेगळे काढून दाखवले. कारण सांगताना मात्र ते चुकले. नसेच्या आवरणात साचलेला द्रव त्यांना दोषी वाटला. म्हणून फोड आणणारे लेप लावून तो बाहेर काढायचा, असा त्यांचा इलाज. रोग्याला एका दुखण्याच्या जोडीला दुसरे मिळे!

१९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी मणक्यांमधल्या सरकलेल्या चकतीवर बोट ठेवले, आणि शस्त्रक्रियांचे युग सुरू झाले. अंथरुणावर पडून राहण्याचा जुना सल्ला तरीही टिकला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत दोन आठवडे पडून राहिलेल्यांना इतरांपेक्षा अधिक गुण आला नाही. आता झेपेल तितके हिंडते-फिरते राहायला सांगतात. बहुतेकांची कळ शस्त्रक्रियेविनाच ओसरते.