बोरघाटात, बोनेट उघडून

बसा. मे महिना आहे, टळटळीत दुपार. १९८५ च्या आसपासचा बोरघाट; द्रुतगती मार्गाचा अजून पत्ता नाही. हातात प्रीमियर पद्मिनी, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, रेक्झिनची सीट पाठीला चिकटलेली. पुढचा मालट्रक सगळा काळा धूर तुमच्याच तोंडावर सोडतोय.

सकाळी दादरला चोक ओढून, अर्धी चाळ जागी करून निघालात. चोक किती ओढायचा, कधी आत ढकलायचा, हे तुमच्या हाताला ठाऊक. चुकलात की पेट्रोलचा भपकारा आणि प्लग ओले.

आता चढणीवर गाडी दोन आचके देते आणि बंद. मागून हॉर्नचा कल्ला. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकाला दगड लावा, बोनेट उघडा. हां, बोट सांभाळा! उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ झालीय. पंपावर ओलं फडकं टाका, चर्र होईल. तोवर करवंदं खा, द्रोण घेऊन बाई उभीच आहे.

गाडी सुरू होते, पण मिसिंग करते. लोणावळ्याचा मिस्त्री डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून म्हणतो, "पॉइंट जळालाय." पॉलिश पेपरने तो पॉइंट घासतो, सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा मध्ये सरकवून गॅप धरतो. मग चालू इंजिनावर डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवत, मान तिरकी करून ऐकत राहतो. खडखड विरते, सूर लागतो. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चार सिलिंडरना सेकंदाला १०० ठिणग्या लागतात आणि त्यांचा मुहूर्त हा गडी कानाने काढतो! त्याच्या पाया पडावंसं वाटतं. पुढच्या महिन्यात पुन्हा यावं लागणार, हे आठवेपर्यंत.

चला, परत आपल्या आजच्या गाडीत. इथे चोक नाही, पॉइंट नाही. क्रँकचे दात मोजणारा सेन्सर, धुरातला ऑक्सिजन हुंगणारा दुसरा, आणि त्यांचं ऐकून पेट्रोल किती मिलिसेकंद फवारायचं, ठिणगी कधी टाकायची हे ठरवणारा ईसीयू. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हे गणित तो घाटातही सांभाळतो. तुमचा हात, मिस्त्रीचा कान, दोघांची नोकरी त्या डबीने खाल्ली.

मात्र ही गाडी आचके देऊ लागली तर ओलं फडकं शोधू नका. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा बघा आणि स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा.