दोन खात्यांमधला शिक्षक : नागपुरातील विशेष अध्यापक-प्रशिक्षणाचा मागोवा

नागपूरच्या पश्चिम भागात, उत्तर आणि दक्षिण अंबाझरी मार्गांवर, विदर्भातील विशेष शिक्षणाच्या दोन जुन्या संस्था आहेत. शंकरनगरातील मूक-बधिर औद्योगिक संस्था ही एक, आणि दीक्षाभूमीसमोरील, अंध मुलांची शाळा चालवणारी ब्लाइंड रिलीफ असोसिएशन ही दुसरी. या शाळांचा कारभार दीर्घकाळ समाजकल्याण खात्याच्या अखत्यारीत राहिला, तर त्याच परिसरातील महापालिकेच्या आणि खाजगी अनुदानित शाळा शिक्षण खात्याच्या. विद्यार्थी एकाच शहरातले, अनेकदा एकाच घरातले. पण त्यांच्या शिक्षकांची पदविका, तपासणी, वेतन आणि प्रशिक्षण ही सर्व वेगवेगळ्या कचेऱ्यांतून ठरत आली. वेगळ्या शैक्षणिक गरजा असणाऱ्या मुलांना शिकवण्याची तयारी शिक्षकांकडून कशी करून घेतली गेली, याचा इतिहास पाहू गेल्यास अध्यापनशास्त्रातील मतभेदांपेक्षा या खातेवाटणीचाच प्रभाव अधिक ठळकपणे दिसतो.

मध्य प्रांतात शिक्षण खात्याची स्थापना १८६२ साली झाली आणि देशी भाषांतील शाळांसाठी शिक्षक घडवणाऱ्या नॉर्मल स्कूलांपैकी एक नागपुरात चालू लागले. पंतोजींच्या घरगुती शाळेत प्रत्येक मूल आपापल्या गतीने धुळाक्षरे गिरवीत असे. नव्या शाळेत मात्र इयत्ता आल्या, ठरावीक क्रमिक पुस्तके आली आणि सगळ्या वर्गाला एकाच वेळी फळ्यावरून शिकवण्याची पद्धत आली. प्रशिक्षण द्यायचे ते या पद्धतीचे. ज्याला फळा दिसत नाही किंवा ज्याला गुरुजींचा आवाज ऐकू येत नाही असे मूल या शाळेत येईल अशी अपेक्षाच नसल्यामुळे त्याच्यासाठी शिक्षकाला काही शिकवण्याचा प्रश्नही उद्भवला नाही. मागे पडलेल्या मुलाला त्याच इयत्तेत पुन्हा बसवणे एवढाच उपाय व्यवस्थेपाशी होता, आणि तो पुढची शंभर वर्षे फारसा बदलला नाही.

विशेष शिक्षणाचा प्रवाह याला समांतर, पण अगदी वेगळ्या उगमातून निघाला. मुंबईत १८८५ साली माझगाव येथे बधिरांची शाळा निघाली. अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली अंध मुलांसाठी सुरू केलेली शाळा पुढे दादर अंधशाळा म्हणून ओळखली गेली. मुंबईतील असोत की नागपुरातील, अशा शाळांमधील शिक्षकांची तयारी बहुतांशी शाळेतच, जुन्या शिक्षकाच्या हाताखाली होत असे. हा कसब शिकण्याचा कारागिरी मार्ग कमी लेखण्याजोगा नाही, कारण त्यात शिक्षक पहिल्या दिवसापासून मुलांसमोर असे. परंतु जे एका शाळेत रुजले ते दुसरीपर्यंत पोहोचत नसे. ब्रेल लिपी, म्हणजे बोटांनी वाचता येणारी सहा ठिपक्यांची लिपी, हे त्याचे उत्तम उदाहरण होय. भारतीय भाषांसाठी तिच्या अनेक पद्धती एकाच काळात प्रचलित होत्या आणि एका पद्धतीत तयार झालेला शिक्षक दुसऱ्या पद्धतीच्या पुस्तकापुढे जवळजवळ निरक्षर ठरे. १९५१ साली भारती ब्रेल ही समान लिपी स्वीकारली गेली, तेव्हा जुन्या पद्धतीवर हात बसलेल्या शिक्षकांना लिपी नव्याने आत्मसात करावी लागली; सेवेत असताना पुन्हा विद्यार्थी होण्याची वेळ त्यांच्यावर शिक्षण खात्याच्या आदेशाने नव्हे, तर लिपीतील बदलाने आणली.

त्याआधीच नागपूरपासून जवळच्या वर्ध्यात सर्वसाधारण शिक्षकाच्या प्रशिक्षणाची फेरमांडणी चालली होती. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि झाकीर हुसेन समितीच्या अहवालातून नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगाच्या माध्यमातून सर्व विषय शिकवण्याची योजना, आकाराला आली. तकली हाती घेतलेल्या मुलाला सुताच्या लांबीवरून गणित आणि कापसावरून भूगोल शिकवू शकणारा शिक्षक तिला हवा होता. अंध आणि बधिर मुलांच्या शाळांमध्येही हस्तोद्योग होतेच; मात्र तेथे त्यांच्याकडे उपजीविकेचे साधन म्हणून पाहिले जाई. एका प्रवाहात हाताचे काम ही अध्यापनपद्धती मानली गेली आणि दुसऱ्यात तो रोजगार ठरला, आणि इतक्या जवळ असूनही दोन्हींतील शिक्षक एकमेकांकडून फारसे शिकले नाहीत, ही विदर्भाच्या शैक्षणिक इतिहासातील एक हुकलेली संधी म्हणावी लागेल.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांकडे लक्ष जाण्यास आणखी वेळ लागला. नागपुरात त्या कामाची वाट शाळेपेक्षा प्रसूतिगृहातून निघाली. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ साली स्थापन केलेल्या मातृ सेवा संघाचे मूळ कार्य सुईणी, परिचारिका आणि बाळंतिणींची सेवा हे होते. त्याच संघाने पुढे नंदनवन ही अशा मुलांची शाळा चालवली आणि १९५८ साली समाजकार्याचे महाविद्यालयही काढले. पालकांना घरी जाऊन भेटणे, मुलाच्या वाढीचा पूर्वेतिहास नोंदवणे, वैद्यकीय सल्ला आणि शिक्षण यांची सांगड घालणे या समाजकार्यातल्या आणि परिचर्येतल्या सवयी आज विशेष शिक्षकाच्या अभ्यासक्रमाचा गाभा मानल्या जातात, तर सर्वसाधारण डी.एड. झालेल्या शिक्षकाला त्या क्वचितच शिकवल्या जात.

१९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे राजधानीपण संपले; १९६० साली तो महाराष्ट्रात आला. रीतसर विशेष प्रशिक्षणाची केंद्रे प्रामुख्याने मुंबई-पुण्याकडे एकवटत गेली. रेल्वेने ८३७ किलोमीटरवरच्या मुंबईला वर्षभर राहून पदविका घेणे हे विदर्भातल्या तुटपुंज्या पगाराच्या शिक्षकाला सहज शक्य नव्हते. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय श्रवण विकलांग संस्था १९८३ साली, आणि बौद्धिक अक्षमतेसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ साली सिकंदराबादेत सुरू झाली. दुसरी संस्था परराज्यात असूनही नागपूरकरांना मुंबईपेक्षा जवळची होती. शंकरनगरच्या संस्थेतही कालांतराने बधिरांच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र चालू झाले.

दोन प्रवाह एकत्र आणण्याचा पहिला मोठा शासकीय प्रयत्न १९७४ सालच्या एकात्मिक अपंग शिक्षण योजनेचा. अपंग मुलाला सामान्य शाळेत ठेवून त्याला विशेष शिक्षकाची मदत द्यावी, ही तिची कल्पना. तरीही ही शाळांची योजना आरंभी केंद्रातील समाजकल्याण खात्याकडे होती आणि १९८२ साली ती शिक्षण खात्याकडे आली. त्यानंतर १९८७ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि युनिसेफ यांनी महाराष्ट्रासह काही राज्यांतील निवडक गटांत हाती घेतलेल्या प्रकल्पात प्रशिक्षणाची तीन पायऱ्यांची रचना होती. गटातील सर्व शिक्षकांना सुमारे आठवड्याचे प्रशिक्षण, त्यांतल्या सुमारे १० टक्के शिक्षकांना सहा आठवड्यांचे, आणि मोजक्या आठ-दहा शिक्षकांना वर्षभराचे बहुप्रवर्गीय प्रशिक्षण, म्हणजे एकाहून अधिक प्रकारच्या अपंगत्वांना पुरेल असे शिक्षण, देण्यात आले. सर्वांना थोडे, काहींना पुष्कळ आणि मधल्यांना पुरेसे, हा त्या रचनेमागील विचार नंतरच्या कोणत्याही योजनेपेक्षा अधिक व्यवहारी होता. दुर्दैवाने पुढे त्याची मधली पायरीच गळाली.

ती गळण्यामागे कायद्यांचाही हात आहे. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ साली संमत झाला. त्यानुसार विशेष शिक्षकाची नोंदणी सक्तीची झाली आणि अनोंदणीकृत व्यक्तीने असे काम करणे दंडनीय ठरले. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर पाच वर्षांत ठरावीक गुणांची निरंतर पुनर्वास शिक्षण सत्रे पूर्ण करण्याचा नियमही आला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९३ साली, सामान्य शिक्षकांच्या अभ्यासक्रमांसाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा झाला. विशेष शिक्षणाची गुणवत्ता यामुळे निश्चितच सावरली. पण एकाच वर्गखोलीत उभ्या राहणाऱ्या दोन शिक्षकांसाठी दोन परिषदा, दोन अभ्यासक्रम आणि दोन प्रमाणपत्रे असा भेद कायद्यानेच पक्का केला.

सर्व शिक्षा अभियानाच्या काळात कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारायचा नाही हे धोरण ठरले आणि विशेष गरजा असणारी बालके जिल्हा परिषद शाळांच्या हजेरीपटावर आली. शिक्षकांसाठी तीन ते पाच दिवसांची उद्बोधन सत्रे, त्याहून लांब ४५ दिवसांचे वर्ग आणि पुनर्वास परिषदेचा ९० दिवसांचा पायाभूत अभ्यासक्रम अशी तरतूद होती. बहुसंख्य शिक्षकांच्या वाट्याला आली ती पहिली. राज्यस्तरावर काही जण शिकायचे, त्यांनी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत तज्ज्ञ मार्गदर्शक घडवायचे आणि त्या मार्गदर्शकांनी गट साधन केंद्रात शिक्षकांना शिकवायचे, ही उतरंड माहिती पोहोचवण्यापुरती ठीक होती. अध्ययन अक्षमता असलेल्या, म्हणजे बुद्धी सर्वसामान्य असूनही वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलाची उत्तरपत्रिका कशी वाचावी हे कौशल्य मात्र तीन हातांतून जाताना सूचनांच्या यादीपुरतेच उरते.

गेल्या दहा-बारा वर्षांत बदल झपाट्याने झाले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये समावेशक शाळेचा विषय आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य प्रवर्ग २१ केले. नागपुरात अली यावर जंग संस्थेच्या अधिपत्याखाली संमिश्र प्रादेशिक केंद्र सुरू झाले. आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, म्हणजे खातेवाटणी मिटण्याऐवजी तिचे नाव बदलले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मात्र राज्याने वर्षानुवर्षे कंत्राटावर असलेल्या विशेष शिक्षकांना सामावून घेण्याचा आणि ४,८६० समूह साधन केंद्रांवर प्रत्येकी एक पद देण्याचा निर्णय घेतला. एका केंद्रात अनेक शाळा येत असल्याने हा शिक्षक फिरतीवरच राहणार, आणि तो नसलेल्या दिवशी मूल वर्गशिक्षकाच्याच स्वाधीन असणार, हे त्या रचनेत गृहीतच आहे.

विदर्भात हा प्रश्न सिकलसेलच्या रूपाने अधिक स्पष्ट दिसतो. रक्तातील तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन तीव्र वेदनांचे झटके आणणारा हा आनुवंशिक आजार नागपूर विभागात मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि २०१६ च्या कायद्याच्या यादीत तो समाविष्ट आहे. त्यासाठी ना वेगळी लिपी लागते ना वेगळी शाळा. लागते ती बुडालेल्या तासांची भरपाई, कडक उन्हाळ्यात आणि कवायतीच्या वेळी पाणी पिण्याची मुभा, आणि झटका आला असता त्याला आळस न समजणारी नजर. अशा मुलासाठी विशेष शाळांच्या पदविकेत स्वतंत्र शाखा नाही, आणि सामान्य पदविकेत हा आजार आरोग्याचा विषय म्हणून येतो. परिणामी त्याच्याविषयी जे काही शिकायचे ते जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला सेवांतर्गत प्रशिक्षणाच्या त्या मोजक्या दिवसांतूनच मिळवावे लागते.