खलनायकाला बेटच का लागतं?

माझा पीएचडीचा विषय कळला की लोक दोन प्रश्न विचारतात. ‘म्हणजे नक्की काय?’ आणि ‘याला स्कोप आहे का?’ दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडेही नाही. पहिल्याचं आज देते.

तुम्ही लहानपणी नवा व्यापार खेळला असाल. पट, फासे, नोटा, आणि शेवटी कुणीतरी जिंकतं. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये पट नसला तरी चालतं, आणि जिंकणं-हरणं हा मुख्य मुद्दाच नसतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका पात्राच्या वतीने बोलतो: ‘मी दार फोडतो’, ‘मी त्याच्याशी बोलून बघते’. एक जण गेम मास्टर असतो, आपल्या नाटकातला सूत्रधार म्हणा. बाकीचं सगळं जग तो उभं करतो, आणि जिथे शंका असेल तिथे फासे निर्णय देतात. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला आणि हा प्रकार रुजला. पण दर वेळी नवं कथानक आणायचं कुठून? म्हणून तयार साहसांच्या पुस्तिका निघू लागल्या. माझा अभ्यास या पुस्तिकांचा. आज त्यातल्या सुपरहिरोंच्या पुस्तिकांबद्दल बोलू.

आधी अडचण समजून घ्या. भुयारातलं साहस लिहिणं तुलनेने सोपं असतं. खोल्या म्हणजे बिंदू, बोळ म्हणजे रेषा. गणितवाले याला ग्राफ म्हणतात. खेळाडू काय करतील हे लेखकाला ठाऊक नसतं, पण ते कुठे असू शकतात हे ठाऊक असतं. शिवाय खजिना शोधायला ते आपण होऊन आत शिरतात. सुपरहिरोचं उलट. तो गुन्हा घडायची वाट बघतो. खलनायक हलला नाही तर गोष्टही हलत नाही. आणि नायक हलला की नकाशा फाटतो: एक जण छपरावरून उडतो, दुसरा भिंतीतून आरपार जातो. मग लिहिणार काय?

डोनाल्ड सॅक्समन यांचा ‘सुपरहिरो २०४४’ १९७७ साली आला. १९७९ मध्ये जेफ डी आणि जॅक हर्मन यांचा ‘व्हिलन्स अँड व्हिजिलान्टीज’, १९८१ मध्ये जॉर्ज मॅकडोनल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांचा ‘चॅम्पियन्स’. आता सुरुवातीच्या साहसांची नावं बघा. ‘द आयलंड ऑफ डॉक्टर डिस्ट्रॉयर’ (१९८१). ‘एस्केप फ्रॉम स्ट्राँगहोल्ड’ (१९८२), हा तुरुंग. ‘द आयलंड ऑफ डॉक्टर अपॉकॅलिप्स’ (१९८३), पुन्हा बेट. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. बेट म्हणजे छप्पर उघडं टाकलेलं भुयारच. चारी बाजूंनी पाणी असलं की खेळाडू भरकटत नाहीत. जुन्या प्रश्नाचं जुनंच उत्तर, फक्त वर टोपी नवी.

(जाता जाता: तिसऱ्या पुस्तिकेचे लेखक बिल विलिंगहॅम. पुढे ‘फेबल्स’ ही गाजलेली कॉमिक मालिका त्यांनीच लिहिली.)

दुसरं उत्तर १९८४ मध्ये आलं. टीएसआर कंपनीने जेफ ग्रब यांनी रचलेला ‘मार्व्हल सुपर हिरोज’ काढला. ‘द ब्रीडर बॉम्ब्ज’सारख्या त्याच्या साहसांत जागेपेक्षा क्रम महत्त्वाचा: आधी ही चकमक, मग हा सुगावा, मग शेवटचा सामना. अगदी कॉमिकसारखं. पण कॉमिकमध्ये नायक पहिली लढाई हरतो, सापळ्यात सापडतो आणि मग सुटतो. खेळाडूला हे कसं पटवणार? त्याला हरायचं नसतं, आणि फासे कुणाचं ऐकत नाहीत. तो जिंकला तरी खलनायक निसटतोच, असं लिहून ठेवलं तर मग तो खेळला कशाला? याच गेममध्ये नीतीसुद्धा हिशेबात बसवली होती. चांगल्या कामाला ‘कर्मा’ मिळायचा, आणि नायकाने कुणाचा जीव घेतला की साठलेला सगळा कर्मा शून्य. मारायला बंदी नाही, फक्त किंमत आहे.

तिसरं उत्तर मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात संख्याशास्त्र आहे. ‘चॅम्पियन्स’मध्ये जास्त शक्ती हवी असेल तर पात्राला उणिवा घ्याव्या लागतात: एखादा शत्रू मागावर आहे, एखादं जवळचं माणूस सतत संकटात सापडतं. गेम मास्टर तीन फासे टाकतो. उणीव ‘८ किंवा कमी’ असेल तर ती त्या दिवशी अवतरण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. ‘११ किंवा कमी’ला ६२.५ टक्के, ‘१४ किंवा कमी’ला जवळपास ९१. म्हणजे तुमच्या आजीला आज कुणी पळवेल का, हे तुम्हीच आधी ठरवून ठेवलेलं असतं. गोष्ट बाहेरून लादली जात नाही, ती खेळाडूच्या कागदातून निघते. छापील पुस्तिकेला मग फक्त जागा मोकळी सोडायची असते.

आता माझी चूक. पहिल्या मसुद्यात मी ठणकावून लिहिलं होतं की १९८४ नंतरच्या क्रमवार पुस्तिकांनी खेळाडूंचं स्वातंत्र्य घालवलं. मग एक जुनी, वापरलेली प्रत हाती आली. पहिलं प्रकरण पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं. तिसऱ्या प्रकरणावर आडवी काट, आणि समासात एका गोदामाचा नकाशा, जो पुस्तकात कुठेच नाही. त्या टेबलावर कुणीतरी भलतंच काही केलं होतं, आणि सूत्रधाराने त्यांना ते करू दिलं होतं.

एम.एस्सी.ला असताना हे मला चांगलं ठाऊक होतं. प्रयोगाची कृती म्हणजे प्रयोग नव्हे. कृतीत लिहिलेलं असतं ‘दहा मिनिटं तापवा’. प्रत्यक्षात काय झालं ते वहीत असतं. या पुस्तिका म्हणजे फक्त कृती आहेत, आणि वह्या बहुतेक कुणी ठेवल्याच नाहीत. माझं ते प्रकरण मी पुन्हा लिहितेय. आता दावा लहान आहे: लेखकांना कशाची भीती वाटत होती, एवढं या पुस्तिका सांगतात. खेळाडूंनी काय केलं, ते समासात शोधावं लागतं.

म्हणून एक विनंती. तुमच्याकडे कुठल्याही जुन्या खेळाचं खरडलेलं, डाग पडलेलं पुस्तक असेल, तर रद्दीत घालू नका. कोरी प्रत काय, कुठेतरी मिळेलच. खरडलेली एकच असते.