"प्रीमियम टाकू का, साहेब?"

परवा घाटकोपरला एलबीएसवर पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरच्या पोराने नोझल हातात घेतलं आणि नेहमीचा प्रश्न टाकला, "प्रीमियम टाकू का, साहेब? साध्याने इंजिन खराब होतं." मागे बाईकवाले हॉर्न देत होते. "साधंच टाक," म्हटलं आणि निघालो. पण हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकतोय, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आमच्या काकांकडे पद्मिनी होती. ती जिथे बनायची तो प्रीमियरचा कारखाना इथूनच जवळ, कुर्ल्याला. कारखाना गेला, तिथे आता कोहिनूर सिटी उभी आहे, रस्त्याचं नाव मात्र अजून प्रीमियर रोड. त्या काळी पेट्रोलच्या मानकात 87 आणि 93 ऑक्टेन असे दोन प्रकार होते. काकांचा ठाम समज, की 93 म्हणजे गाडीला तूप. खरं तर पद्मिनीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

कारण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं. ते ठिणगीने पेटावं, दाबाने भलत्याच वेळी पेटू नये. पेट्रोल हा दाब किती सहन करतं, त्याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. भलत्या वेळी पेटलं की इंजिन खडखडतं, मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतात. पद्मिनीचं कॉम्प्रेशन आठाच्याही खाली, म्हणजे दाबच कमी. आजच्या गाड्यांचं दहा-बारापर्यंत जातं, पण त्यांच्यात नॉकिंग ओळखून टायमिंग बदलणारा सेन्सर असतो. कंपनीने 91 सांगितलं असेल तर 91 ने काही बिघडत नाही. टर्बोवाल्यांनी मात्र टाकीच्या झाकणावरचा स्टिकर वाचावा. तिथे 95 लिहिलं असेल तर तिथे काटकसर नको.

आता हा ऑक्टेन वाढवायचे कशाने? शिशाने. 1921 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीने शोधलं, की टेट्राइथाइल लेड चिमूटभर घातलं की नॉकिंग थांबतं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. तरी जगभर ते पेट्रोलमध्ये गेलं, आपल्याकडेही. 1954 आणि 1955 मध्ये ट्रॉम्बे-माहुलला एस्सोची आणि बर्मा शेलची अशा दोन रिफायनऱ्या सुरू झाल्या. पुढे 1974 आणि 1976 मध्ये त्या सरकारने घेतल्या, म्हणजे आजच्या एचपी आणि भारत पेट्रोलियम. मालक बदलले, पेट्रोलमधलं शिसं तसंच राहिलं.

1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यांच्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं. चुकीच्या पेट्रोलने गाडीचं खरोखर नुकसान होईल, असा तो काळ. नव्या गाडीत शिशाचं पेट्रोल पडलं तर कन्व्हर्टर कायमचा निकामी. जुन्या गाडीवाल्यांना उलटी भीती, की शिसं गेलं तर व्हॉल्व्हच्या सीट झिजतील. ही भीती अगदीच खोटी नव्हती, पण शहरातल्या सावकाश चालणाऱ्या गाड्यांसाठी ती फारच फुगवलेली होती. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसं बंद झालं. काकांची गाडी त्यानंतरही कुरकुर न करता चालली.

गाडीला काय होतं याची चर्चा प्रत्येक गॅरेजमध्ये व्हायची. पोरांना काय होतं याची कुठेच नाही. जॉर्ज फाउंडेशनच्या 1997 च्या पाहणीत मुंबईतल्या 61.8 टक्के मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला 10 मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं निघालं. शिसंबंदीनंतर, 2002 मध्ये, 12 वर्षांखालच्या 754 मुलांची तपासणी झाली तेव्हा तो आकडा 33.2 टक्क्यांवर आला होता. एलबीएसच्या कडेला शाळेत जाणारे आपण सगळे त्या पहिल्या आकड्यातले. मी हे वाचलं तेव्हा आधी स्वतःचे दहावीचे गणिताचे मार्क आठवले, ते सोडा.

2002 च्या सुमारास स्पीडसारखी ब्रँडेड पेट्रोलं आली. थोडं जास्त ऑक्टेन आणि इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं. लोकांनी ती घेतली ती बरीचशी भेसळीच्या धास्तीने, असं माझं मत. स्वस्त निळं रॉकेल पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळायचा धंदा जोरात होता, आणि रॉकेलने ऑक्टेन पडतं, इंजिन खडखडतं. 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ हीच भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. त्याच मनमाडच्या डेपोत माहुलच्या रिफायनरीतून पाइपलाइनने तेल जातं. साधं की प्रीमियम हा वाद त्या दिवशी मला फार क्षुल्लक वाटला होता.

आणि आता इथेनॉल. साध्या पेट्रोलमध्ये 20 टक्के. यानेही ऑक्टेन वाढतो, सरकार म्हणतं 91 चा 95 झाला. म्हणजे काकांच्या 93 पेक्षा आजचं साधं वरचढ! पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास तिसऱ्या हिश्श्याने कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलंय, की ई20 साठी न बनलेल्या गाड्यांचं मायलेज 6 ते 7 टक्के घटू शकतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांचा प्रश्न वेगळाच. पंपावर बिनइथेनॉलच्या पेट्रोलचाही पर्याय द्या, ही मागणी घेऊन गेलेली याचिका सुप्रीम कोर्टाने 1 सप्टेंबर 2025 ला फेटाळली. मला इथेनॉलचं वावडं नाही, उसाला भाव मिळत असेल तर मिळो. पण मायलेज घटणार असेल तर दर का घटत नाही, हे विचारायला हवं, आणि पंपावरच्या पोराला नाही, मंत्रालयाला.

2012-13 च्या आधीची गाडी अजून चालवणारे कोणी इथे असतील तर कमेंटमध्ये सांगा: गेल्या दोन वर्षांत मायलेज किती पडलं, आणि रबरी पाइप किती वेळा बदलले?