तारण, वसुली आणि दिवाणी न्यायालयाची अधिकारिता : सावदा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना
रावेर तालुक्यातील सावदा हे केळीच्या व्यापाराचे जुने गाव. पीककर्ज, व्यापारी कर्ज आणि घरतारण हे तेथील अर्थव्यवहाराचे नित्याचे भाग आहेत. कर्ज थकल्यानंतर तारणावर हात घालण्याचा अधिकार कोणाला, आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागावयाची, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले. त्या बदलांचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी
इ. स. १८५२ मध्ये महसुली मोजणीच्या विरोधात सावदा येथे हजारोंचा जमाव जमला होता. लष्कर आल्यानंतरच तो पांगला. ज्या मोजणीला हा विरोध झाला, त्याच मोजणीने पुढे जमीनधारकाचा हक्क नोंदीवर आणला, आणि नोंदलेला हक्क गहाण टाकणे सुलभ झाले. सावकाराच्या हाती खत आले व त्या खतामागे दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा उभा राहिला.

इ. स. १८७५ च्या पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील दंग्यांत शेतकऱ्यांचा रोष प्रामुख्याने याच खतांवर होता. त्यानंतर पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने न्यायालयाला खतापलीकडे जाऊन मूळ व्यवहार तपासण्यास सांगितले. धनकोचे साधन मानले गेलेले न्यायालय अशा रीतीने ऋणकोचे कवचही होऊ शकले.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६९ ने न्यायालयाशिवाय गहाण मालमत्ता विकण्याची मुभा दिली. मात्र ती काही विशिष्ट प्रकारची गहाणे आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास यांसारखी शहरे यांपुरती मर्यादित होती. खानदेशातील सामान्य गहाणदाराला दिवाणी न्यायालयाची पायरी चढणे भागच होते.

सहकारी कायदा व २००२ चा अधिनियम
दिवाणी न्यायालयाची वाट अरुंद होण्याचा प्रारंभ २००२ मध्ये झाला, असे मानणे योग्य ठरणार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० ने संस्था व सभासद यांचे वाद कलम ९१ खाली वेगळ्या यंत्रणेकडे सोपविले, कलम १०१ खाली वसुली दाखल्याची सोय केली आणि कलम १६३ ने दिवाणी न्यायालयाला मनाई केली. बँकांच्या मोठ्या कर्जांसाठी १९९३ च्या कायद्याने कर्जवसुली न्यायाधिकरणे निर्माण केली.

इ. स. २००२ च्या सरफेसी अधिनियमाने एक पाऊल पुढे टाकले. साठ दिवसांची नोटीस देऊन बँकेला स्वतःच तारणाचा ताबा घेता येऊ लागला. कलम ३४ ने न्यायाधिकरणाच्या कक्षेतील बाबींवर दिवाणी दावा चालविण्यास आणि मनाईहुकूम देण्यास प्रतिबंध केला. मार्डिया केमिकल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कायदा ग्राह्य धरला; परंतु दाद मागण्यापूर्वी ७५ टक्के रक्कम भरण्याची अट घटनाबाह्य ठरविली. बँकेची कृती कपटाची किंवा मागणी उघडच निराधार असेल, तर मर्यादित प्रमाणात दिवाणी न्यायालयात जाता येईल, असेही नमूद केले. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात २०२० मध्ये घटनापीठाने सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे स्पष्ट केले.

सावद्याच्या दृष्टीने दोन मुद्दे
पहिला मुद्दा शेतजमिनीचा. कलम ३१ (आय) प्रमाणे शेतजमिनीवरील तारणास हा कायदा लागू नाही. त्यासाठी केवळ महसुली नोंद पुरेशी नसून प्रत्यक्ष वापरही पाहावा लागतो. केळीची बाग त्यामुळे या कायद्याबाहेर राहते. परंतु गावातील घर, दुकान वा गोदाम त्याच्या कक्षेत येते.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. वाटणी न झालेले वडिलोपार्जित घर एका भावाने गहाण टाकले, तर कर्ज न घेतलेल्या बहिणीने अथवा भावजयीने कोठे जावे? २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकत्र कुटुंबातील सदस्यांचा अशा स्वरूपाचा दावाही कलम ३४ मुळे अडविला. सावदेकरासाठी याचा अर्थ तालुक्याच्या न्यायालयाऐवजी सुमारे दोनशे किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर येथील न्यायाधिकरण, आणि तेही ४५ दिवसांच्या आत, असा होतो.

पुढे मात्र भूमिका अधिक रेखीव झाली. बँक ऑफ बडोदाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर येथील पूर्णपीठाने २०२१ मध्ये, न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेरील दिवाणी हक्कांचा निर्णय दिवाणी न्यायालयच करू शकते, असे म्हटले. सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये त्रयस्थ व्यक्तीचा मालकीविषयक दावा ग्राह्य धरला. खरेदीखत वा गहाणखत अवैध ठरविण्याचा अधिकार न्यायाधिकरणास नाही, हे त्याचे कारण होते. दाव्यातील एक मागणी जरी दिवाणी न्यायालयाच्या कक्षेत असली, तरी संपूर्ण दावा प्रारंभीच फेटाळता येत नाही, असेही त्यात सांगितले.

निष्कर्ष
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, दिवाणी न्यायालयाची अधिकारिता नष्ट झालेली नाही. ती 'वसुली कशी केली' या प्रश्नाकडून 'मालमत्ता कोणाची' या प्रश्नापुरती आकुंचित झाली आहे. कर्जदाराने वसुलीतील दोषाबद्दल न्यायाधिकरणाकडेच जावे, यात कायद्याच्या हेतूशी सुसंगती आहे. परंतु ज्याने कर्जही घेतले नाही व सहीही केली नाही, त्याच्या हक्काची तपासणी साक्षीपुराव्यानिशी जवळच्या न्यायालयात होणे आवश्यक आहे. १८७९ च्या कायद्याने खतापलीकडे पाहण्याची जी दृष्टी दिली, तिची गरज एकत्र कुटुंबाची घरे असलेल्या सावद्यासारख्या गावांत आजही संपलेली नाही.