इलेक्ट्रिक कारचं सॉफ्टवेअर अपडेट : ‘इन्स्टॉल’ दाबण्याआधी हे माहीत असू द्या

मागच्या दिवाळीत पहाटे सव्वापाचला मामाचा फोन आला. “अरे, कार हलतच नाहीये! स्क्रीन काळी झाली. मामीची सव्वासहाची ट्रेन आहे.” मी विचारलं, “मामा, काही दाबलंस का?” तो म्हणाला, “अपडेट आलं होतं. मोबाईलचं करतो तसं इन्स्टॉल केलं.”

झालं! मामी रिक्षाने पुणे स्टेशनला गेली. पाऊण तासाने कार आपोआप सुरू झाली. तिच्यात काहीच बिघाड नव्हता. ती फक्त अपडेट होत होती आणि ‘या वेळेत वाहन चालवता येणार नाही’ असं स्क्रीनवर आधीच लिहून आलं होतं. मामाने ते वाचलं नाही. खरं सांगा, आपण तरी फोनवर वाचतो का?

मी ॲप बनवणाऱ्या टीममध्ये काम करतो, त्यामुळे अपडेट पाठवणं हे माझं रोजचंच काम. पण फोनचं अपडेट आणि कारचं अपडेट यात मोठा फरक आहे. तो काय, ते बघूया.

ओटीए अपडेट म्हणजे काय?

ओटीए म्हणजे ‘ओव्हर द एअर’. केबल न लावता, कारमधल्या सिमवरून किंवा घरच्या वायफायवरून येणारं अपडेट. टेस्लाने २०१२ मध्ये आलेल्या मॉडेल एसपासून ही पद्धत लोकप्रिय केली. आपल्याकडे एथरच्या स्कूटरलाही अशी अपडेट्स येतात.

याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिला, स्क्रीनवरच्या गोष्टींचा : नकाशा, गाणी, मेन्यू. दुसरा, प्रत्यक्ष गाडी चालवणाऱ्या भागांचा : बॅटरी, मोटर, ब्रेक. जास्त काळजी घ्यायची ती दुसऱ्या प्रकारात.

अपडेटने नेमकं काय बदलू शकतं?

बरंच काही. तीन उदाहरणं देतो.

- २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने टेस्ला मॉडेल ३ तपासली. ताशी सुमारे ९७ किमी वेगावरून थांबायला तिला १५२ फूट लागले. कंपनीने ओटीए अपडेट पाठवलं आणि त्याच चाचणीत अंतर १३३ फुटांवर आलं. १९ फूट म्हणजे एका कारच्या लांबीपेक्षा जास्त. एकही पार्ट बदलला नव्हता.
- २०२३ मध्ये टाटाने नेक्सॉन ईव्ही मॅक्सची चाचणीतली रेंज ४३७ वरून ४५३ किमी केली, तीही सॉफ्टवेअरने. पण जुन्या मालकांना त्यासाठी डीलरकडे जावं लागलं. म्हणजे प्रत्येक अपडेट हवेतून येतंच असं नाही.
- डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेत २० लाखांहून जास्त गाड्या ऑटोपायलटच्या सुरक्षेसाठी ‘रिकॉल’ केल्या. दुरुस्ती काय होती? एक ओटीए अपडेट.

म्हणून ‘नंतर बघू’ म्हणत अपडेट महिनोन्‌महिने टाळणंही चुकीचंच. त्यात ब्रेकची दुरुस्ती असू शकते.

मग कार चालवत अपडेट का होत नाही?

अनेक अँड्रॉइड फोनमध्ये सिस्टीमचे दोन कप्पे असतात. तुम्ही एका कप्प्यावर फोन वापरता, तेव्हा नवीन सिस्टीम दुसऱ्यात भरली जाते. शेवटी फक्त रिस्टार्ट. अँड्रॉइड ७ पासून ही सोय आहे. कारच्या मुख्य कॉम्प्युटरमध्येही अशी सोय करता येते.

पण कारमध्ये एक कॉम्प्युटर नसतो, डझनावारी असतात. त्यांना ईसीयू म्हणतात. ब्रेकचा वेगळा, बॅटरीचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा. यातल्या अनेकांची मेमरी लहान असते, दुसऱ्या कप्प्याला जागाच नसते. जुनं पुसूनच नवीन लिहावं लागतं. ब्रेकचा प्रोग्राम पुसला जात असताना कार रस्त्यावर असून कशी चालेल?

वर हे ईसीयू एकमेकांशी बोलतात ते बऱ्याचदा कॅन नावाच्या वायरिंगवरून. तिच्या मूळ प्रकाराचा कमाल वेग सेकंदाला १ मेगाबिट, म्हणजे तुमच्या फोनच्या इंटरनेटपेक्षा कितीतरी कमी. त्यामुळे डाउनलोड पटकन होतं, इन्स्टॉलला वेळ लागतो.

मधेच अपडेट फसलं तर?

असं झालेलं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या रिव्हियन कंपनीच्या एका अपडेटमध्ये चुकीचं सिक्युरिटी सर्टिफिकेट गेलं आणि काही गाड्यांच्या स्क्रीन बंद पडल्या. गाड्या चालत होत्या, पण स्क्रीनवरची माहिती गायब!

यासाठी संयुक्त राष्ट्रांचा आर१५६ नावाचा नियम आहे. तो जिथे लागू आहे तिथे कंपनीला अपडेटचं कारण, लागणारा वेळ आणि त्या वेळेत काय बंद राहील हे मालकाला सांगावं लागतं. अपडेट फसलं तर जुनं व्हर्जन परत यावं किंवा गाडी सुरक्षित स्थितीत राहावी, अशीही अट आहे. भारतात याच धर्तीवर एआयएस-१९० हे मानक तयार केलंय.

इन्स्टॉल दाबण्याआधी

१. पुढचे दोन-तीन तास कार लागणार नाही ना, हे घरात सगळ्यांना विचारा. रात्रीची वेळ उत्तम. घरात कुणी आजारी असेल तर पर्यायी गाडीची सोय ठेवा.
२. कार स्वतःच्या पार्किंगमध्ये असू द्या. पेट्रोल पंपाबाहेर, टोलजवळ किंवा चार्जिंग स्टेशनवर नको. टेस्लामध्ये तर इन्स्टॉल चालू असताना चार्जिंगच थांबतं.
३. बॅटरी पुरेशी चार्ज हवी. मोठ्या बॅटरीसोबत १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते आणि कारमधले कॉम्प्युटर तिच्यावर चालतात. ती कमजोर असल्याचा इशारा आला असेल तर आधी ती तपासून घ्या.
४. डाउनलोड घरच्या वायफायवर करा.
५. ‘काय बदललं’ ही यादी वाचा. ब्रेक किंवा ड्रायव्हिंग मोड बदलले असतील तर पहिली चक्कर सोसायटीच्या आतच, हळू मारा.
६. स्क्रीन काळी झाली तरी घाबरून १२ व्होल्टची वायर काढू नका. सांगितलेल्या वेळेच्या बरंच पुढे गेलं तर सर्व्हिस सेंटरला फोन करा.

थोडक्यात, कारच्या अपडेटकडे नोटिफिकेशन म्हणून नाही, तर छोटी सर्व्हिसिंग म्हणून बघा. टाळायची नाही, पण वेळ बघून करायची. मामा आता शनिवारी रात्री जेवण झाल्यावरच अपडेट करतो. आणि त्याआधी मामीला विचारतो, “उद्या सकाळी कुठे जायचं नाही ना?”