वेबसाइटचं रूप तिच्या रचनेला किती बांधलेलं असावं?

पानावर एक नवी चौकट टाकली आणि भलत्याच मजकुराचा रंग बदलला, असं का होतं? कारण अनेकदा सीएसएसमध्ये सापडतं.

एचटीएमएल आणि सीएसएसमध्ये फरक काय?
पानावर काय आहे, हे एचटीएमएल सांगतं: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. ते दिसावं कसं, हे सीएसएस ठरवतं. सीएसएसची कल्पना १९९४ मध्ये मांडली गेली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिला मानकाचा दर्जा मिळाला. २००३ मध्ये डेव्ह शे यांच्या 'सीएसएस झेन गार्डन'ने याची ताकद दाखवली. एचटीएमएल तेच, फक्त सीएसएसची फाइल बदलली की पान ओळखूच येत नाही.

मग अडचण कुठे?
'साइडबारमधल्या यादीतल्या तिसऱ्या ओळीतली लिंक लाल कर' असा नियम म्हणजे 'पिंपळापासून तिसरं घर' असा पत्ता. मध्ये एक घर बांधलं की पत्र चुकीच्या दारात! घराला नाव असेल तर हा गोंधळ होत नाही. एचटीएमएलमध्ये असं नाव म्हणजे 'क्लास'. यांडेक्स कंपनीत तयार झालेली 'बेम' पद्धत याच विचारावर उभी आहे.

दुसरं टोक कोणतं?
२०१७ मध्ये आलेल्या टेलविंडमध्ये रंग, अंतर, आकार यांचे छोटे छोटे क्लास थेट एचटीएमएलमध्येच लिहितात. रचना हलली तरी रूप टिकतं. पण एकच बटण पन्नास ठिकाणी हाताने लिहिलं असेल, तर बदलही पन्नास ठिकाणी करावा लागतो.

रचनेवर कधी विसंबावं?
तक्त्यात एकाआड एक ओळ रंगवायची असेल, तर ओळीची जागाच महत्त्वाची असते. लेखातल्या प्रत्येक परिच्छेदाला क्लास देत बसणंही व्यवहार्य नाही. तिथे रचनेवरचा नियमच सोयीचा.

याचा वाचकाशी काय संबंध?
अक्षरं मोठी दिसावीत म्हणून साध्या ओळीला शीर्षकाचा टॅग लावला, तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाची वाट चुकते, कारण अनेक जण शीर्षकांवरून उड्या मारत पान वाचतात. म्हणून टॅग अर्थ बघून निवडावा, आकार सीएसएसवर सोडावा.

थोडक्यात, नियम लिहिताना एकच प्रश्न विचारा: रचना बदलली तर रूपही बदलायला हवं का? 'हो' असेल तर नियम रचनेवर बांधा, 'नाही' असेल तर क्लास द्या.